मंत्र्यांचा तिसरा हात

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. फ्लॉपी होती तेव्हापासून आहे, आणि आता फ्लॉपी म्हणजे काय हे दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, तरी आहे. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक आत पाऊल टाकताना दोन वाक्यं हमखास बोलतं. पहिलं म्हणजे, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी काउंटरमागे हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली असते, समोर संगणकाचा उघडलेला खोका, म्हणजे कॅबिनेट, असतो. तरी गिऱ्हाइकाची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या खोलीकडे जाते, कारण मिस्त्री तिथं जेवायला बसलेला असणार. मी सांगते, मीच मिस्त्री. मग दुसरं वाक्य येतं, "मी काहीच केलेलं नाही, आपोआप बंद पडला."

या दुसऱ्या वाक्यावर मी कधी कुणाशी वाद घातला नाही. माळेगावचे एक निवृत्त कारकून चादरीत गुंडाळून नुसता मॉनिटर घेऊन आले होते. खालचा खोका त्यांनी घरीच ठेवला, कारण तो स्टॅबिलायझर आहे अशी त्यांची समजूत होती, आणि त्या समजुतीवर त्यांनी कित्येक वर्षं संगणक सुखानं वापरला होता. त्यांनीही काही केलेलं नव्हतं. डाळजच्या एका गुरुजींचा कॅबिनेट उघडला तर पंख्याशेजारी पालीची अंडी. गुरुजी म्हणाले, "जपून काढा, जीव आहे त्यात." मी अंडी पुठ्ठ्यावर घेतली, गुरुजींनी ती रुमालात ठेवून गावी नेली. संगणक न्यायला मात्र ते बरेच दिवस फिरकले नाहीत.

लोकांना वाटतं हे फार बुद्धीचं काम. खरं सांगायचं तर निम्मं काम धुळीचं आहे. कॅबिनेट उघडायचा, ब्लोअर मारायचा, रॅमची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबरानं तिचे दात घासायचे आणि परत बसवायची. पुष्कळ संगणक एवढ्यावर उठून बसतात. गिऱ्हाइकासमोर खोडरबर काढायचं नाही, हे पथ्य मी पाळते. त्यानं यंत्राची किंमत कमी होते आणि माझीही. उरलेलं निम्मं काम चौकशीचं. यंत्र खोटं बोलत नाही, पण फार कमी बोलतं. घरातली माणसं भरपूर बोलतात, त्यातून खरं काय ते निवडून काढावं लागतं.

आता घरोघरचे संगणक गेले. माझं दुकान सीसीटीव्ही आणि प्रिंटरवर चालतं. मला चुकल्यासारखं होतं ते त्या घरांसाठी. घरचा संगणक दुरुस्त करायला गेलं की त्या घरात शिरावं लागायचं. देवघर कुठं, टीव्ही कुठं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं दिसायचं. मोबाइल दुरुस्तीत नुसता मोबाइल दिसतो. निरवांगीचं एक घर मला असं दिसलं, त्याची ही हकिगत.

गावात सोसायटीची निवडणूक लागली होती. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी गावची विकास सोसायटी. शहरातल्या माणसाला ती लहान वाटेल, पण तिच्या चेअरमनला गावात जो मान असतो तो आमदाराला मुंबईत मिळत नसावा. हणमंतराव, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते एका पॅनेलचे प्रमुख होते. दुसऱ्या पॅनेलचे प्रमुख दत्तूतात्या. पूर्वी दोघं जिवलग मित्र होते. आता रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण उसात शिरायचा. हे सगळं मला आबांचा मुलगा विजय यानं फोनवरच सांगून टाकलं, कारण त्याच्या मते घरचा संगणक बंद पडण्यामागे हेच कारण होतं.

"मॅडम, तात्याचा पुतण्या पुण्यात आयटीत हाय. तितनं बसून त्यानं आमचा संगणक बंद पाडलाय."

"तुमच्या संगणकाला इंटरनेट आहे का?"

"न्हाय."

"मग तिथून कसा पाडेल?"

"त्येच तर तुमी येऊन बगायचं."

मी स्कूटरवर गेले. वालचंदनगर मागं टाकलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढं उसाची ट्रॉली. ट्रॉलीच्या मागं मागं, तिच्या वेगानंच मी निरवांगीत पोचले. आबांच्या ओसरीवर पॅनेलची माणसं बसली होती. मी स्कूटर लावली तेव्हा त्यातल्या एकानं मान उंच करून माझ्या मागं पाहिलं, मिस्त्री कुठं उतरला ते बघायला.

आबा सत्तरीच्या पुढचे, ताठ, पांढरी टोपी, बोलणं सावकाश. त्यांनी मला संगणकाकडं नेलं नाही. आधी बैठकीच्या भिंतीवरच्या फोटोसमोर उभं केलं.

"ह्यो बगा. ह्या फोटुवर आमचं पॅनेल उभं हाय."

समोरच्या खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं पडून फोटो पांढरा झाला होता. आबा ओळखू येत होते. त्यांच्या शेजारी एक उजळ डाग होता आणि त्या डागाला मिशा होत्या. ते मंत्री. दोघं छातीपर्यंतच दिसत होते. आबांच्या मंत्र्यांकडच्या खांद्यावर मात्र एक हात चांगला स्पष्ट उरला होता.

"कोण मंत्री?" मी विचारलं.

"त्या वक्ताचं मंत्री. बंधाऱ्याच्या उद्घाटनाला आलं हुतं. विदर्भाकडचं."

"नाव काय त्यांचं?"

आबांनी विजयकडं पाहिलं. विजयनं ओसरीकडं पाहिलं. ओसरीवरून कुणीतरी एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं ते खोडून काढलं.

"नावाचं काय घिऊन बसलाय," आबा म्हणाले. "गाडीला लाल दिवा हुता. आन् त्येनी आपणहून खांद्यावर हात ठिवला. आख्ख्या गावानं बगितलंय."

एसटी स्टँडवर लावायच्या फ्लेक्ससाठी हा फोटो हवा होता. फ्लेक्सवाल्यानं भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून पाहिला आणि सांगितलं की यात मंत्री भुतासारखे येतील, मूळ फोटो आणा. मूळ फोटो घरच्या संगणकात होता. आणि संगणक आता काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ लुकलुकवत बसला होता. त्यापुढं काही करत नव्हता.

"बंद पडायच्या आधी तुम्ही नेमकं काय केलं होतं?" मी विचारलं.

"मी कायबी केलं न्हाय," आबा म्हणाले.

"पेनड्राइव्ह लावला हुता की," आतल्या दारातून आवाज आला. आबांच्या पत्नी, मालनकाकू, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "विजयला फोन लावून इचारत हुतं, फोटु त्यात कसं घालत्यात म्हणून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विजयनं फोनवर सांगितलं होतं की आधी कॉपी करा, मग पेस्ट करा. आबांनी कॉपीच्या वरचा कट निवडला. चुकून नव्हे. "कापी केली तर माल दोन ठिकाणी ऱ्हातो," ते मला समजावून सांगू लागले. "एक हितं, एक तितं. मंग कोणबी पळवतो. म्हणून म्हणलं, मुळासकट काढावा आन् खिशात घालून न्यावा." नुसता तो फोटो नव्हे, त्यांनी फोटोंचा सगळा फोल्डरच उचलला होता. हिरवी पट्टी सरकायला लागली, पण जुन्या संगणकावर ती सरकते म्हणजे किती सरकते. तेवढ्यात मीटिंगची हाक आली. आबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ते मीटिंगला गेले.

कटचा प्रकार असा असतो. संगणक आधी वस्तूची नक्कल नव्या जागी नेतो आणि मग जुन्या जागची पुसतो. मधेच वीज घालवली तर जुन्या जागची पुसलेली असते आणि नव्या जागची अर्धवट. घर बदलताना टेम्पो वाटेत उलटावा तसं.

मी कॅबिनेट भिंतीपासून ओढला. मागच्या बाजूला पेनड्राइव्ह तसाच खोचलेला होता. जुने संगणक चालू होताना आधी बघतात की बाहेरून काही लावलंय का. लावलेलं असेल तर त्यातूनच सुरू व्हायची खटपट करत बसतात. मी पेनड्राइव्ह उपसला आणि बटण दाबलं. संगणकानं जरा विचार केला, डिस्क तपासली आणि तो सुरू झाला.

ओसरीवरची माणसं आता खिडकीशी जमली होती. "म्हंजी तात्याचा पुतण्या न्हाय ह्यात?" एकानं विचारलं.

"नाही."

संगणक बंद असतानासुद्धा त्या घरात इतकी निराशा नव्हती. प्रचाराचा एक चांगला मुद्दा हातचा गेला होता.

फोटोंचा फोल्डर अर्थातच रिकामा होता. पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावून पाहिला, तर तो फॉर्मॅट करा म्हणाला, म्हणजे आत काही वाचता येत नाही. आबांचा चेहरा उतरला. मी त्यांना सांगितलं, अजून आशा आहे. संगणकात पुसणं म्हणजे दुकानाच्या गाळ्यावरची पाटी काढणं. माल आत तसाच पडून असतो, दुसरा भाडेकरू येईपर्यंत. आता फक्त या संगणकाला कुणी हात लावायचा नाही. तसंच सांगून मी आतली हार्ड डिस्क काढून घेतली, म्हणजे लावायची सोयच राहिली नाही.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या.

"मिळंल का?"

"तो एक फोटो मिळेल असं वाटतं."

"समदे मिळाले तर बरं हुईल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुकानात येऊन मी डिस्क माझ्या यंत्राला जोडली आणि पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर लावून दिलं. हे काम सावकाश चालतं, आणि या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. नुकतंच चुकून गेलेलं आणि पूर्वी कधीतरी मुद्दाम फेकलेलं, यातला फरक त्याला कळत नाही. दिसेल ते सगळं वर आणतं. नावंही जागेवर नसतात. त्यामुळं एकेक चित्र उघडून पाहावं लागतं.

आबांचा मंत्र्यांसोबतचा फोटो सापडला, पण वरचा अर्धाच. आबांची टोपी, मंत्र्यांचं कपाळ, आणि त्याखाली सगळी राखाडी पाटी. तिथं नवा भाडेकरू येऊन गेला होता. मी हळहळले. मग पुढं बघत गेले तर त्याच प्रसंगाचा आणखी एक फोटो निघाला. हा पूर्ण होता, मोठा होता, कॅमेऱ्यातून उतरवला तसाच.

यात माणसं तीन होती. डावीकडं मंत्री, मधे आबा, आणि उजवीकडं एक जाडजूड गृहस्थ, तोंडभर हसणारे. मंत्री आबांकडं बघतही नव्हते. ते लांब कुठंतरी, बहुधा स्वतःच्या गाडीकडं पाहत होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी नारळ धरला होता. मी पुन्हा मोजले. नारळावर दोन हात, आणि आबांच्या खांद्यावर एक. मंत्री झालं तरी इतके हात सरकार देत नाही. खांद्यावरचा हात त्या जाड गृहस्थांचा होता. त्यांनी आबांच्या पाठीमागून तो घालून पलीकडच्या खांद्यावर ठेवला होता. गृहस्थ कापून काढले की हात तेवढा उरतो आणि बघणाऱ्याला तो मंत्र्यांचा वाटतो.

आणखीही बरेच फोटो मिळाले. त्यातल्या बहुतेकांत ते जाड गृहस्थ होते.

मी डिस्क घेऊन परत निरवांगीला गेले, ती बसवली, फोटो उघडला आणि बाजूला झाले. बैठकीत आबा आणि काकू दोघंच होती. आबा पडद्याकडं वाकले.

"ह्यो फोटु न्हाय," ते म्हणाले. "आमच्या फोटुत दोगंच हैत."

"तो अर्धा गेला. हा त्याचा मूळ फोटो."

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्ये कडंचं काडून टाकता येईल का?"

येत होतं. कापायला वेळ लागत नाही. फोटो त्यांचा, खांदा त्यांचा, निवडणूक त्यांची. मी छातीच्या खाली आणि खांद्याच्या उजवीकडं कापलं, आणि गाळीव मंत्री तयार झाले. आबा माझा पेनड्राइव्ह खिशात घालून ताबडतोब फ्लेक्सवाल्याकडं निघाले.

ते गेल्यावर काकूंनी आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. "आदीचा ह्यात घालून द्या. पुरा असल्येला."

मी घालून दिला. त्या पडद्यावरच्या जाड माणसाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "दत्तूभावजी हायेत. भिंतीला कापल्याला फोटु लावला तवा एक दिस सकाळी आलं हुतं. फोटुकडं बगत बगत च्या पिला. कप ठिवला आन् गेलं. त्येच्यानंतर ह्या घरात पाऊल न्हाय टाकलं."

"आबांना माहीत आहे हे?"

"त्येस्नी वाटतं, मंत्र्याचा फोटु बगून जळलं."

फ्लेक्स लागला. एसटी स्टँडवर, पंचायतीसमोर आणि बंधाऱ्याच्या वाटेवर. 'ज्यांच्या खांद्यावर राज्याचा हात, तेच देतील गावाला साथ' असं विजयनं वर लिहिलं होतं. त्यानंतर काही दिवसांनी त्याचाच फोन आला.

"मॅडम, लगीच या. तात्या घरी आलाय."

"संगणक परत बंद पडला का?"

"न्हाय, चालू हाय. त्येचीच तर भानगड हाय."

काकूंनी तो पूर्ण फोटो तात्यांच्या घरी त्यांच्या पत्नीला पाठवला होता. नवरे उसात शिरत होते त्या सगळ्या वर्षांत या दोघींचं फोनवर बोलणं रोज चालू होतं. फक्त नवऱ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पत्नीनं फोटो तात्यांना दाखवला, आणि तात्या आपल्या पॅनेलची माणसं घेऊन आबांच्या दारात उभे राहिले. मी पोचले तेव्हा अंगणात दोन्ही पॅनेलं होती. भांडायचं की कसं हे वरून ठरेपर्यंत ती एकाच बाकावर तंबाखू मळत बसली होती.

तात्या फोटोतल्यापेक्षा बरेच वाळले होते. त्यांनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "ह्यो फोटु तुमीच काडला का संगणकातनं?"

"हो."

"मंग तुमीच सांगा. ह्यो हात कुणाचा?"

अशा वेळी मिस्त्रीनं काही सांगू नये. मी मूळ फोटो उघडला, मोठा केला आणि खुर्चीवरून उठले. अंगणातली माणसं खिडकीशी आली. कुणीतरी हळू आवाजात हात मोजायला लागलं.

"माज्याच हातानं माज्या इरोधात मतं मागतोस व्हय?" तात्या म्हणाले. "मी निवडणूक अधिकाऱ्याकडं अर्ज देणार हाय."

"काय म्हणून?" आबांनी विचारलं.

"माजा हात माज्या परवानगीबिगर वापरला म्हणून."

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. ते संगणकासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं.

"दत्तू, तुला खोटं वाटंल," ते म्हणाले. "पर मला खरंच वाटत हुतं का ह्यो मंत्र्याचा हाय. फोटुवाल्याकडं कापाय मीच दिला. त्यो म्हणला, दोगंच ठिवू, मंत्री मोटं दिसत्याल. मंग लोक इचाराय लागलं, हात ठिवला व्हय मंत्र्यानं. आदी मी नुसता गप बसायचो. मंग व्हय म्हणाय लागलो. म्हणता म्हणता मलाबी त्येच आठवाय लागलं."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला कबुलीचं काय करायचं ते सुचत नाही. तात्या खिडकीकडं वळून आपल्या माणसांना म्हणाले, "तुमी बाहीर बसा." मग मला म्हणाले, "आजून हायेत का ह्यात फोटु?"

परत मिळालेल्या फोटोंचा फोल्डर मी उघडला. तो संगणक इतका जुना होता की प्रत्येक फोटो वरून खाली, पडदा सोडावा तसा उतरत यायचा. आधी आभाळ यायचं, मग झाडाचा शेंडा, मग माणसाची टोपी. कोण आहे ते कळायला थांबावं लागायचं, आणि दोघं थांबत होते. तात्या नव्या ट्रॅक्टरवर बसलेले, आबा मडगार्डवर. दोघं भिगवणला धरणाच्या पाण्यात होडीत, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. तात्या चिंचेखाली तोंड उघडं टाकून झोपलेले, आणि त्यांच्या पोटावर कुणीतरी कणीस ठेवलेलं. सरजा नावाचा बैल, त्याच्या दोन्ही शिंगांना दोघं.

"ह्यो उजव्या पायानं लंगडायचा," तात्या म्हणाले.

"डाव्या," आबा म्हणाले.

यावर त्यांचं पुष्कळ वेळ चाललं. मग एकदम तात्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोल्डरकडं पाहिलं, त्यात बहुतेक त्यांचेच फोटो होते, आणि वर मी 'परत मिळालेले' असं नाव दिलं होतं. "ह्ये समदं कुठनं आलं? पुसलं हुतंस का?"

आबा चष्मा काढून पुसायला लागले. तात्यांनी मला विचारलं, "बाई, कुठनं आलं ह्ये?"

"संगणकातच होते, तात्या," मी म्हणाले. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं ते अगदी खरं होतं.

अंगणातून एक कार्यकर्ता आत डोकावला आणि म्हणाला, तात्या, शेळगावच्या बैठकीला उशीर होतोय. तात्यांनी त्याला हातानंच परत पाठवलं. थोड्या वेळानं आबांचा एक जण आला, त्यालाही तसंच पाठवलं, पण तात्यांनीच. बाहेर दोन्ही पॅनेलांना मिळून एकच चहा झाला.

मी सहज म्हणाले, "फोटो चांगले काढलेत. कुणी काढले?"

इतका वेळ दोघं फोटो बघत होते, पण हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"विजय आसंल," तात्या म्हणाले.

"मी तवा हॉस्टेलला हुतो," विजय म्हणाला.

"मी काडल्यात," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "भाच्यानं कॅमेरा दिऊन ठिवला हुता. ह्ये बटण दाब म्हणला, मी दाबत ऱ्हायले. मंत्र्याचा बी मीच काडला. तवा तर त्यो पोलीस मला मागं सरका म्हणत हुता."

मी तो सगळा फोल्डर पुन्हा मनातल्या मनात चाळला. काकू एकाही फोटोत नव्हत्या. एका फोटोत, ज्यात दोघं विहिरीच्या कठड्यावर बसले होते, त्यांच्या पायाशी जमिनीवर पदर घेतलेली एक लांब सावली होती. तेवढीच.

निवडणूक पुढं व्हायची तशी झाली. हात परत द्यायचा ठरल्यावर फ्लेक्सवाल्याला तो खोडावा लागला. हात खोडताना आबांचा खांदाही गेला. मग मंत्री ठेवून उपयोग नाही म्हणून तेही गेले. त्यानं आबांच्या डोक्याखाली त्याच्याकडचं कुणाचं तरी तयार कोटातलं धड लावून दिलं. स्टँडवर उतरणारे पाहुणे विचारायचे, आबांच्या घरी लग्न आहे का. आबा पडले, तात्या चेअरमन झाले. पहिल्याच सभेत आबांनी उठून त्यांना इतके प्रश्न विचारले की सभा पुढं ढकलावी लागली. मैत्री परत आली म्हणजे राजकारण संपलं अशी माझी जी समजूत होती ती तेव्हा दुरुस्त झाली.

पण त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलं. तात्या निघायला उठले आणि म्हणाले, आता आलोच आहे तर एक फोटो होऊन जाऊ दे. विजयनं अंगणात शेजारी शेजारी दोन खुर्च्या मांडल्या. दोन्ही पॅनेलं बाकावरून उठून बाजूला झाली. आबांनी टोपी नीट केली, तात्यांनी मिशी. दोघं बसले, आणि तात्यांनी सवयीनं आपला मोबाइल काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो घेतला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला. मग ओसरीवरून आणखी एक खुर्ची उचलून आणली आणि दोघांच्या समोर उभ्या राहिल्या.

"सरका थोडं," त्या म्हणाल्या.

आबांनी तात्यांकडं पाहिलं. मग दोघंही दोन बाजूंना सरकले, आणि काकू मधे बसल्या.